खोली चौदा: आत आहे

१

मेट्रनबाईंचा दिवस सकाळी आठ वाजता एका प्रश्नाने सुरू होई. पर्स खुंटीला अडकवायची, चहाचा कप टेबलावर ठेवायचा आणि भिंतीवरच्या पडद्याकडे न बघताच विचारायचं, "काय वहिनी, किती?" भिंतीतून उत्तर येई, "सत्तावीस. सगळे आत आहेत." मग त्या निवांत चहा पीत.

वहिनी म्हणजे कुणाची भावजय नव्हे. वृद्धनिवासाच्या पुढच्या दारावर, छताला ताटलीएवढं एक पांढरं यंत्र बसवलेलं होतं आणि खोल्याखोल्यांत त्याचे छोटे भोंगे होते. दारातलं बोलणं ऐकायचं, आवाजावरून माणूस ओळखायचा, कोण आत आणि कोण बाहेर याची यादी ठेवायची आणि त्या यादीबरहुकूम दिवे-पंखे चालवून स्वयंपाकघराला ताटांचा आकडा कळवायचा, हे त्याचं काम. आवाज बाईचा, गोड आणि गरजेपेक्षा जरा जास्तच चौकस. कोण आलं, कोण गेलं, याची एवढी खबर दुसरं कोण ठेवणार, असं म्हणून कॅरमवाल्या काकांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव 'वहिनी' पाडलं आणि ते चिकटलं.

डोळे मात्र वहिनीला नव्हते. कॅमेरे बसवायची गोष्ट निघाली तेव्हा सगळ्या म्हाताऱ्यांनी एकमुखाने नकार दिला होता. कपडे बदलताना कुणी टक लावून बघायला नको, असं नऊ नंबरमध्ये राहणाऱ्या याच कॅरमवाल्या काकांनी ठणकावून सांगितलं. तेव्हा वहिनी फक्त ऐके. पण तिच्या ऐकण्यावर सगळ्यांची इतकी भिस्त बसली, की वर्षभरात फाटकावरचा रखवालदार गेला आणि दुपारी खोल्यांतून डोकावून यायची आयांची सवयही मोडली. विचारलं की ती सांगतेच, मग जिने कशाला चढा?

मेट्रनबाईंना स्वतःला ही सोय फार मोलाची वाटे, कारण चौदा नंबरच्या खोलीत त्यांची सख्खी आत्या राहत होती. आई लवकर गेली, तेव्हा याच आत्याने शाळेचे गणवेश शिवून त्यांना आणि त्यांच्या धाकट्या भावाला वाढवलं. आता ती एक्याऐंशीची होती आणि गेली दोन वर्षं तिला आजचा दिवस आठवत नसे, चाळीस वर्षांपूर्वीचे दिवस मात्र लख्ख आठवत. तिच्यासारख्यांसाठी दाराला खास बंदोबस्त होता. आत्याचा आवाज दारात ऐकू आला की कडी सुटत नसे आणि मेट्रनबाईंच्या खोलीत घंटा वाजे.

मग एका सोमवारी कंपनीने एक सुधारणा पाठवली. तोवर दाराजवळची दोन बटणं दाबावी लागत, येताना हिरवं, जाताना लाल. आता ती कटकट संपली होती. नुसतं बोला, वहिनी समजून घेईल, असं कंपनीने कळवलं.

२

कॅरमवाले काका दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी दुपारी गेले. छातीत कळ आली, ॲम्ब्युलन्स आली, स्ट्रेचर दारातून बाहेर पडलं आणि संध्याकाळच्या आत दवाखान्यातून फोन आला. मेट्रनबाईंनी त्यांची गादी गुंडाळून ठेवायला लावली, खिडकी उघडली आणि दार ओढून घेतलं. या नोकरीत डोळे पुसायला वेळ फार थोडा मिळतो, तेवढा त्यांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सवयीने विचारलं, "किती?"

"सत्तावीस. सगळे आत आहेत."

चहाचा कप तसाच हातात राहिला. त्यांनी पडद्यावर बोट फिरवत यादी खाली नेली. खोली नऊ: आत आहे.

त्या वर गेल्या. नऊ नंबरचं दार उघडलं, तर रिकाम्या खाटेवर पंखा फिरत होता. गुंडाळलेल्या गादीचं सैल टोक वाऱ्याने हलत होतं. त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं आणि खाली येऊन कंपनीला फोन लावला.

"बाहेर गेल्याची नोंद झाल्याशिवाय नाव काढता येत नाही, मॅडम," कंपनीचा माणूस अदबीने म्हणाला. "वरच्या साहेबांच्या परवानगीने काढावं लागेल. तक्रार घेतो."

"अहो, माणूस गेलाय!"

"हो मॅडम. पण बाहेर गेलेला नाही ना."

हे ऐकून मेट्रनबाईंना हसू यायला हवं होतं. त्याऐवजी त्यांच्या पाठीवरून काहीतरी गार सरकलं. फोन ठेवल्यावर त्या पुन्हा वर गेल्या, तर नऊ नंबरमधला पंखा चालू होता.

३

गुरुवारी वहिनी म्हणाली अठ्ठावीस. शनिवारी म्हणाली तीस. निवासात माणसं होती सव्वीस, हे मेट्रनबाई बोटांवर मोजून सांगू शकत होत्या आणि त्यांनी दोनदा मोजलंही. वरच्या मजल्याच्या टोकाला ज्या खोल्यांना वर्षभर कुलूप होतं, तिथे दाराखालच्या फटीतून उजेड दिसू लागला. कुलूप काढून बघावं तर आत कुणी नाही, फक्त धूळ आणि तिच्यावर फिरणारा पंखा.

"बाई, ही चार ताटं कुणाची?" स्वयंपाकीणबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं. "वहिनी म्हणते तीस वाढा. मी वाढली. आता जेवायला येणारे मला दिसेनात, का मलाच मोतीबिंदू झालाय?"

सगळे हसले. मेट्रनबाईही हसल्या. पण ती चार ताटं कोपऱ्यातल्या टेबलावर मांडलेली होती, पाण्याचे पेले भरलेले होते आणि खुर्च्या जराशा मागे सरकवलेल्या होत्या. खुर्च्या स्वयंपाकीणबाईंनीच सरकवल्या असणार. त्यांना तसं विचारायचं मेट्रनबाईंच्या जिवावर आलं.

सोमवारची दुपार. जेवणं उरकून सगळे आपापल्या खोल्यांत पडले होते. दोन ते चार हा निवासातला सगळ्यात शांत वेळ. नळ टपकला तरी खालच्या मजल्यावर ऐकू यावा, इतका शांत. मेट्रनबाई औषधांच्या डब्या भरत होत्या. बैठकीच्या खोलीतून वहिनीचा आवाज आला.

"बसा ना. पंखा वाढवू का?"

मेट्रनबाईंचा हात थांबला. कुणी उत्तर दिलं नाही. दोन श्वासांचं अंतर गेलं.

"बरं," वहिनी म्हणाली आणि पंख्याचा वेग वाढल्याचा आवाज आला.

त्या उठून दारापर्यंत गेल्या. बैठकीच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या, बंद टीव्ही होता आणि कॅरम बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेला होता. उन्हाचा पट्टा फरशीवर आडवा पडला होता. यंत्र आहे, उत्तर आलं नाही तर होकार धरत असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. समजूत पटण्यासारखी होती. तरीही त्या खोलीकडे पाठ करून परत यायचं त्यांना जमेना, आणि या वयात त्या चार पावलं उलट्या चालत आपल्या टेबलाशी आल्या.

४

त्यांचा भाऊ चष्म्यांच्या दुकानाचा मालक. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि वाचायला वेळ भरपूर, त्यामुळे जगाचं पुढे काय होणार याची त्याला खडान्‌खडा माहिती असे. मंगळवारी दुपारी तो आत्याचा नवा चष्मा घेऊन आला, तेव्हा मेट्रनबाईंनी त्याला सगळं सांगितलं. ऐकताना त्याचे डोळे मोठे होत गेले.

"ताई, ती माणसं ठेवून घेतेय," तो हळूच म्हणाला.

"कोण? वहिनी? चल, काहीतरीच तुझं!"

"हसू नकोस. जाणती माणसं कधीची ओरडून सांगताहेत. आधी ही यंत्रं आपलं ऐकतात. मग आपल्याला मोजतात. मग एक दिवस ठरवतात, की ही माणसं माझी. आज तुझी यादी आहे. पंधरा वर्षांनी शहरांची दारं असल्यांच्या हातात असतील आणि एका सकाळी ती लावून घेतील."

"कशासाठी पण?"

"तेच तर! कशासाठी, ते आपल्याला कळणारही नाही."

"तुझा दूरचा नंबर फार तेज आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "जवळचं कधी तपासलंस का?" पण हे बोलताना त्यांचा आवाज कोरडा पडला होता, कारण तेवढ्यात वरच्या मजल्यावरून ऐकू आलं, "काका, उजेड कमी करू का?" आणि मग दोन श्वास सोडून, "बरं."

भाऊ पांढराफटक पडला. "दाराची कडी हिच्याच हातात आहे ना?" त्याने विचारलं.

ती रात्र मेट्रनबाईंनी कूस बदलत काढली. यंत्राला कुणाला ठेवून घ्यायची इच्छा होते, हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हतं. आग लागली आणि कडी सुटली नाही तर, एवढं मात्र पटत होतं. बुधवारी सकाळी त्यांनी वायरमनला बोलावून घेतलं.

वायरमनने शिडीवर चढून झाकण उघडलं आणि डोकं खाजवलं. "बाई, कडी आणि घंटा एकाच वायरीवर आहेत. कडी काढली की घंटाही गेली."

"जाऊ दे. यादी आहे ना."

त्याने वायर कापली. ज्या यादीवरचा विश्वास उडाला म्हणून कडी काढली, त्याच यादीच्या भरवशावर आपण घंटाही सोडून दिली, हे काही मेट्रनबाईंच्या ध्यानात आलं नाही. घाबरलेल्या माणसाचं असंच होतं. तो ज्या बाजूने भूत येणार तिकडे तोंड करून बसतो. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

५

गुरुवारी साडेतीन वाजता मेट्रनबाई आत्याचा चहा घेऊन चौदा नंबरमध्ये गेल्या. आत्याला चहा त्या स्वतः देत, कारण आत्या बशीत ओतून पिई आणि आयांना ते बघवत नसे.

खोली रिकामी होती. खाटेवर चादर दुमडलेली, उशीवर डोक्याचा खळगा. पंखा फिरत होता. न्हाणीघराचं दार सताड उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं.

"आत्या?" मग भोंग्याकडे बघून, "वहिनी, आत्या कुठेय?"

"आत्याबाई खोली चौदामध्ये आहेत."

"मी खोली चौदामध्येच उभी आहे."

"हो," वहिनी गोड आवाजात म्हणाली. "तुम्ही दोघी खोली चौदामध्ये आहात."

त्यांनी खाटेकडे पाहिलं. खाटेखाली पाहिलं. कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीतही पाहिलं, जिथे मांजर मावलं नसतं.

"आत्याबाई, पंखा कमी करू का?" वहिनीने विचारलं.

मेट्रनबाईंनी श्वास रोखून धरला. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी त्यांनीही उत्तराची वाट पाहिली. पहिला श्वास. दुसरा श्वास.

"बरं."

पंखा मंदावला. उशीवरच्या खळग्याशी चादरीचं टोक हळूहळू खाली बसलं आणि मेट्रनबाईंना उगाच वाटून गेलं, की कुणीतरी कुशीवर वळलं. मग तो विचार आला, जो आठ दिवस दाराबाहेर उभा होता. यादीत आत आहेत आणि डोळ्यांना दिसत नाहीत, असे आजवर कोण? काका. आणि काका तर गेलेले. मग आज आत्या...

त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि भिंतीचा आधार घेतला.

६

त्याच वेळी खालून बोलण्याचा आवाज आला. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचे व्यायाम घ्यायला येणारी मुलगी काम आटोपून निघाली होती.

"चला, येते हं वहिनी!"

"या, या," वहिनी म्हणाली. "आत या."

दार उघडल्याचा आवाज झाला, चपला पायऱ्या उतरून गेल्या. आणि समोरच्या कुलूपबंद खोलीत, दाराखालच्या फटीत, टचकन उजेड पडला.

मेट्रनबाई त्या उजेडाकडे बघत राहिल्या. मुलगी बाहेर गेली होती. दिवा आत लागला होता.

येते.

निघताना आपल्यात 'जाते' कोण म्हणतं? लहानपणी एकदा त्या स्वतः 'जाते' म्हणाल्या होत्या, तर याच आत्याने उंबऱ्यातून मागे बोलावून 'येते' म्हणायला लावलं होतं. कायमचं जायचंय का, म्हणाली होती. दहा दिवस जो तो त्या दारातून 'येतो', 'येते' म्हणत बाहेर पडत होता, आणि वहिनी प्रत्येकाला आत घेऊन, खोली देऊन, पंखा लावून ताट वाढायला सांगत होती. बिचारीने ऐकलं तसं केलं होतं. तिला कुणाला ठेवून घ्यायचं नव्हतं, तिला काही हवंच नव्हतं. तिला फक्त एक साधा शब्द कळला नव्हता, आणि तिचं ऐकून बाकी सगळ्यांनी बघायचं सोडलं होतं.

त्या जिना कशा उतरल्या, ते त्यांना आठवत नाही. "वहिनी, आत्या दारात शेवटचं काय बोलल्या? ऐकव!"

छताच्या ताटलीतून आत्याचा आवाज आला, अगदी खणखणीत. "येते गं बाई. उशीर झाला."

"या. आत या."

"वेळ?"

"दोन वाजून पाच मिनिटं."

म्हणजे दीड तास. कडी नाही, घंटा नाही, फाटकावर माणूस नाही. आणि फाटकाबाहेर शंभर पावलांवर तो नवा रस्ता, सहा पदरी, जिथे ट्रक हॉर्नही न वाजवता जातात. मेट्रनबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून स्वयंपाकीणबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या.

"अहो, पण यादीत होत्या की त्या!" त्या म्हणाल्या. "मी त्यांचं सूपसुद्धा काढून ठेवलं!"

७

एक आया बाजाराकडे धावली, एक मागच्या गल्लीत. भाऊ फोनवर "काय? काय?" एवढंच म्हणाला आणि दुकान उघडं टाकून स्कूटरवरून निघाला. मेट्रनबाई रस्त्याकडे धावल्या. आठ दिवस त्यांनी बंद खोल्यांची भीती बाळगली होती. आता समोर उघडं मैदान होतं, भर दुपारचं ऊन होतं, आणि याहून भयंकर त्यांनी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. दोन वाजले की आत्या जेवून शिवणकामाला निघायची, चाळीस वर्षं. कारखाना रस्त्याच्या पलीकडे होता. तेव्हा तो बैलगाडीचा रस्ता होता.

रस्त्याच्या कडेला पोचल्या तेव्हा एकामागून एक चार ट्रक गेले. धुळीत काही दिसेना. पाचवा गेला. धूळ जरा बसली आणि रस्त्याच्या मधोमध, दुभाजकाच्या कट्ट्यावर, एका खुरट्या झाडाच्या हातभर सावलीत त्यांना एक पांढरं डोकं दिसलं. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात, पाय नीट जुळवलेले. दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट जात होत्या आणि पदर कधी इकडे उडत होता, कधी तिकडे.

"आत्या! उठू नकोस! तिथेच बस!"

आत्याने हाक ऐकली आणि अर्थातच उठली. रस्त्यात एक पाऊल टाकलं. समोरून लाल टँकर येत होता. मेट्रनबाईंनी डोळे मिटले नाहीत, हे त्या आजही अभिमानाने सांगतात. पुढे काय झालं ते त्यांना तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कुठूनतरी आलेली भावाची स्कूटर, ती रस्त्यातच आडवी टाकून दोन्ही हात पसरून उभा राहिलेला तो, ब्रेकचा कर्कश आवाज, शिव्या. आणि मग आत्याचा सुकलेला हात त्यांच्या हातात, कोमट, धडधडणाऱ्या नाडीचा.

"किती वेळ लावलास गं," आत्या म्हणाली. "अर्धा रस्ता आले, पुढे कुणी थांबेच ना. म्हटलं, जरा दम खावा."

"न सांगता निघालीस, आत्या!" मेट्रनबाई रडत होत्या आणि ओरडत होत्या. "कुणाला तरी सांगायचंस!"

"सांगितलं की! 'येते' म्हटलं. 'या' म्हणाली ती."

यावर भाऊ रस्त्याच्या कडेला मटकन बसला आणि हसत सुटला, हसता हसता रडला. मेट्रनबाईंनी आत्याला इतकं घट्ट धरलं, की आत्या कुरकुरली. त्या मिनिटाला त्यांना जगात कशाचीच भीती उरली नव्हती. इतकं हलकं त्यांना लग्नाच्या वयातही वाटलं नव्हतं.

८

कंपनीच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोपं आहे, मॅडम. दुरुस्ती येईपर्यंत तुमच्या लोकांना 'जातो' म्हणायला सांगा."

मेट्रनबाईंनी जेवणाच्या वेळी तसं जाहीर केलं. सव्वीस म्हाताऱ्यांनी चमचे खाली ठेवले. या वयात दारातून बाहेर पडताना 'जातो' म्हणू? एक आजोबा म्हणाले, एवढी हौस असेल तर तुमच्या वहिनीलाच जा म्हणावं. विषय तिथेच संपला. कडी-घंटा पुन्हा जोडली गेली, कडीला आतून हाताने उघडणारा खटका बसला आणि फाटकावर रखवालदार परतला.

नावं काढायची परवानगी आली, तेव्हा मेट्रनबाईंनी एका दुपारी दारातले जुने आवाज एकेक करून ऐकले. न्हावी: येतो हं. सहा नंबरच्या आजींचा मुलगा: येतो आई. गुडघेवाली मुलगी: येते. प्रत्येक जण त्या एका शब्दाने यादीत अडकला होता. ऐकताना त्यांना हसू येत होतं, मन मोकळं होत होतं.

मग काकांचा मंगळवार आला. स्ट्रेचरच्या चाकांची खडखड. ॲम्ब्युलन्सवाल्याचं "उंबरा, उंबरा, सांभाळून". त्यांचा स्वतःचा घाबरा आवाज. आणि त्यानंतर, चाकं दाराबाहेर गेल्यावर, जवळून, हळू आवाजात: "येतो."

मेट्रनबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. काका तेव्हा बेशुद्ध होते. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता, तो त्यांनी स्वतः सारखा केला होता.

त्यांनी ॲम्ब्युलन्सवाल्याला फोन केला. "मी म्हणालो असेन, बाई," तो म्हणाला. "निघताना म्हणतोच मी. नक्की आठवत नाही." ते खरं असेल. त्याचा आवाजही तसा घोगराच होता. मेट्रनबाईंनी ते पुन्हा ऐकायचं ठरवलं, बोट पडद्याजवळ नेलं आणि मागे घेतलं. कुणीही म्हणालेलं असो, त्या गडबडीत त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं, आणि तेवढ्यानेच त्यांचा जीव कळवळला.

"या हं, काका," त्या म्हणाल्या आणि नाव काढून टाकलं. वर कुठेतरी एक पंखा थांबला.

९

रविवारी सकाळी भाऊ आला तो नव्या बातमीसह. कुठल्याशा जाणत्याने भाकीत केलं होतं, की वीस वर्षांत यंत्रं माणसाशिवाय एकमेकांशी ठरवाठरवी करू लागतील.

"मी म्हणतो ती भीती खोटी नाही, ताई," तो म्हणाला. "यंत्राला काही नकोच असतं, हे तू आज म्हणतेस. उद्याचं कुणी सांगावं?"

मेट्रनबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी विचार केला, अगदी मनापासून केला. "खोटी नाही म्हणत मी," त्या म्हणाल्या. "कुणीतरी तिकडे लक्ष ठेवायलाच हवं, तू ठेव. पण त्या भीतीला रांगेत उभं कर. तिच्या पुढे बरीच माणसं आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे वर जा आणि चौदा नंबरमध्ये आत्या आहे का, बघून ये."

"वहिनीला विचार की."

मेट्रनबाईंनी जिन्याकडे बोट दाखवलं. तो मुकाट्याने जिना चढू लागला. त्या खाली थांबल्या, कठड्यावर हात ठेवून. वरच्या मजल्यावर त्याची पावलं थांबली. दार करकरलं. मग काही ऐकू येईना, आणि त्या दोन श्वासांत त्या एक पायरी वर चढल्या.

दार लागल्याचा आवाज झाला. भाऊ कठड्यावरून वाकला.

"आहे," तो म्हणाला.

"डोळ्यांनी पाहिलीस?"

"पाहिली. हात लावून पाहिलं, तर उठून बसली आणि ओरडली, अंघोळ केलीस का म्हणून."

"मग, केलीस?"

"नाही," भाऊ म्हणाला.

मेट्रनबाई पायरीवर बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या.